भूमितीचा अभ्यासक्रम निवडण्याआधी मुलगी नेमकी कुठे अडते ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १५ वर्षांची आहे, घरीच शिकते. बीजगणित कसंबसं झालं. भूमितीचे दोन अभ्यासक्रम सुरू करून अर्धवट सोडले. पहिल्यात सिद्धता आल्या आणि रडारड झाली. दुसरा व्हिडिओंचा होता. बघताना सगळं कळायचं, पण उदाहरणं सोडवायला बसली की वही कोरी. आता तिसरा कोणता घ्यावा?

तिसरा लगेच घेऊ नका. आधी दोन-तीन बैठकांत ती कुठे अडते ते शोधा, मग पुस्तक निवडा. भूमितीत मागे पडलेली बरीचशी मुलं सिद्धतेपाशी अडलेली दिसतात, पण त्यांचं अडणं त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. आकृतीकडे कसं पाहायचं हेच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, आणि बाजारातली बहुतेक पुस्तकं ते येतं असं धरून पहिलं पान लिहितात. अशा वेळी तिसरं पुस्तकही दुसऱ्यासारखंच तिसऱ्या प्रकरणात बंद पडतं, आणि मुलीच्या मनात 'मला भूमिती येत नाही' हे आणखी पक्कं होतं. त्यात तिची चूक काहीच नसते.

या अडण्याचं सगळ्यात उपयोगी वर्णन नेदरलँड्समधल्या एका शिक्षक दांपत्याने केलं आहे. पियरे व्हॅन हील आणि डीना व्हॅन हील-गेल्डोफ यांनी १९५७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले आणि भूमितीतल्या विचाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसता चेहऱ्यासारखा ओळखतं: हा चौरस, कारण तो चौरसासारखा दिसतो. दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म सांगतं: चारही बाजू समान, चारही कोन काटकोन. तिसऱ्या पायरीवर ते गुणधर्म एकमेकांना जोडतं: चारही कोन काटकोन असतील तर समोरासमोरच्या बाजू समान होणारच, म्हणून चौरस हा आयतही आहे. चौथ्या पायरीवर सिद्धता रचता येते. पाचवी वेगवेगळ्या भूमितींच्या तुलनेची, तिचा इथे संबंध नाही. यातली महत्त्वाची गोष्ट ही की पायरी गाळता येत नाही. पुस्तक चौथ्या पायरीवरून बोलत असेल आणि मुलगी दुसरीवर उभी असेल, तर दोघं एकच शब्द वापरतात पण अर्थ वेगळे असतात. मग पाठांतर सुरू होतं, आणि ते महिनाभरही टिकत नाही.

तपासणी अशी करा. पहिली बैठक अर्ध्या तासाची, फक्त आकृत्यांची. तिला सांगा की गुण नाहीत, वेळेचं बंधन नाही, फक्त मोठ्याने विचार करायचा. एक चौरस ४५ अंशांत तिरका काढून द्या आणि विचारा, हा चौरस आहे का? 'नाही, तिरका आहे' असं उत्तर आलं तर ती पहिल्या पायरीवर आहे. मग ५० अंशांचे दोन कोन काढा, एकाच्या भुजा ३ सेंमी, दुसऱ्याच्या ९ सेंमी. मोठा कोणता? लांब भुजांचा कोन मोठा वाटत असेल, तर कोन म्हणजे वळण ही कल्पनाच अजून बसलेली नाही. एक विशालकोन त्रिकोण द्या आणि लघुकोनाच्या एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर शिरोलंब काढायला सांगा. तो त्रिकोणाच्या बाहेर पडतो, त्यासाठी बाजू वाढवावी लागते. 'शिरोलंब' म्हणजे 'वरून खाली सरळ रेघ' असं डोक्यात असेल तर इथे लगेच दिसतं. १३० अंशांचा कोन कोनमापकाने मोजायला द्या. उत्तर ५० आलं तर ती कोनमापकावरचे आकडे वाचते, पण कोन विशाल आहे की लघु हे आधी डोळ्याने ठरवत नाही.

शेवटी एक आकृती. त्रिकोण अबक काढा, अब आणि अक समान. अब वर ड हा बिंदू, अक वर इ हा बिंदू, आणि बइ व कड जोडा. त्या म मध्ये छेदतात. विचारा: यात एकूण त्रिकोण किती? आठ आहेत: अबक, अबइ, अकड, बकड, बकइ, आणि मधले तीन छोटे मबक, मबड, मकइ. अडणारं मूल बहुधा चारपाचवर थांबतं, कारण एकमेकांवर चढलेले त्रिकोण त्याला दिसतच नाहीत. हा कागद जपून ठेवा. एकरूपतेच्या प्रकरणात याच आकृतीकडे परत यायचं आहे.

दुसरी बैठक आकड्यांची, २० मिनिटांची. ३/४ = क्ष/२०. ५/८ = १५/क्ष. २क्ष + ३० = ५क्ष − १५. √५० चं सोपं रूप. आणि एक आयत ६ सेंमी × ४ सेंमी, दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर क्षेत्रफळ किती? उत्तरं अनुक्रमे १५, २४, १५, ५√२ आणि ९६ चौसेंमी. शेवटच्याला ४८ आलं तर समरूपतेच्या प्रकरणात अडचण येणार हे आजच लक्षात ठेवा.

तिसरी बैठक जेमतेम दहा मिनिटांची, भाषेची. 'प्रत्येक चौरस आयत असतो' हे खरं का? उलट वाक्य खरं का? 'चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयतच असतो' हे खरं की खोटं? खोटं आहे: समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. ते उदाहरण तिने स्वतः काढलं, तर ती तिसऱ्या पायरीवर आहे आणि तिला सिद्धता झेपतील. नाही काढलं तरी काळजी नाही, फक्त सिद्धतांनी सुरू होणारं पुस्तक तिच्यासाठी आत्ता नाही हे ठरलं.

निकाल वाचताना तीन वेगवेगळे नमुने दिसू शकतात आणि तिघांवरचा उपाय निराळा आहे. आकृत्यांत अडली, आकडे ठीक: आधी कंपास-पट्टीच्या रचनांचे सहा आठवडे, मग मुख्य पुस्तक. आकृत्या ठीक, आकड्यांत अडली: भूमितीचं पुस्तक चालेल, पण असं घ्या की ज्याच्या पहिल्या एकतृतीयांशात कोन साध्या संख्यांत दिलेले आहेत, क्ष मध्ये नाहीत, आणि गुणोत्तर व समीकरणं रोज १५ मिनिटं वेगळी चालू ठेवा. दोन्ही बऱ्यापैकी, भाषेत अडली: पुस्तकापेक्षा सिद्धता शिकवण्याची रीत बदलावी लागेल, ती पुढे सांगतो. व्हिडिओ बघताना कळतं आणि वही कोरी राहते, हे लक्षण बहुधा पहिल्या नमुन्याचं असतं. व्हिडिओत शिकवणारा कुठे बघायचं ते रंगाने, बोटाने दाखवतो. वहीत ते बोट नसतं.

आता पुस्तक कसं पारखायचं. नाव, मुखपृष्ठ, इतर पालकांचे अभिप्राय बाजूला ठेवा. नमुन्याची पानं मागवा किंवा उतरवून घ्या, आणि चारच जागा बघा.

पहिली जागा, पहिली दहा पानं. नवे शब्द मोजा. बिंदू, रेषा, किरण, प्रतल, रेषाखंड, एकरेषीय, एकप्रतलीय, आंतरबिंदू असे २० च्या वर शब्द दहा पानांत येत असतील आणि त्यांच्यासोबत हाताने करायचं काहीच नसेल, तर ते पुस्तक शब्दसंग्रहाचं पुस्तक आहे. मागे पडलेल्या मुलीला ते पहिल्याच आठवड्यात थकवेल.

दुसरी, एकरूप त्रिकोणांचं प्रकरण. पुस्तकाचा खरा कस इथे लागतो. सोडवलेल्या उदाहरणानंतर लगेच 'सिद्ध करा' आलं का? की मधे रिकाम्या जागा भरायच्या सिद्धता आहेत, फक्त कारणं लिहायच्या सिद्धता आहेत, चूक शोधायच्या सिद्धता आहेत? मधल्या पायऱ्या नसतील तर त्या तुम्हाला बनवाव्या लागतील, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे आहे का ते प्रामाणिकपणे ठरवा.

तिसरी, पुस्तकाच्या मध्यावरचा कोणताही एक सरावसंच. त्यात मागच्या प्रकरणांची उदाहरणं मिसळलेली आहेत का? सगळी उदाहरणं त्याच पानावरच्या नियमाची असतील, तर मुलगी नियम निवडायला शिकत नाही, फक्त लावायला शिकते. दहापैकी नऊ बरोबर येतात आणि घटक चाचणीत तीन.

चौथी, उत्तरांची पुस्तिका. नुसती अंतिम उत्तरं असतील तर भूमितीत तिचा काही उपयोग नाही. प्रत्येक पायरी आणि प्रत्येक कारण लिहिलेलं असायला हवं, आणि एकाच उदाहरणाच्या दोन रीती दिल्या असतील तर फारच उत्तम. स्वतःची भूमिती विसरलेल्या पालकांनी तर याच एका गोष्टीवर पुस्तक निवडलं तरी चालेल.

अभ्यासक्रमांचे ढोबळ प्रकार पाहिले तर, गृहीतकांपासून सुरू होणारे युक्लिडच्या वळणाचे अभ्यासक्रम सुंदर असतात, पण तिसऱ्या पायरीवर पोचलेल्या मुलांसाठी. फक्त सूत्रं आणि मापन शिकवून सिद्धता पूर्ण वगळणारे अभ्यासक्रम सोपे वाटतात, पण मी ते सुचवणार नाही. सिद्धता काढून टाकली की उरते ती सूत्रांची यादी, आणि ती सूत्रं कधी लागू होतात हे कळण्याचा मार्गच बंद होतो. वर्षभरात १२ ते १५ सिद्धता मुलीला स्वतःच्या शब्दांत, कोऱ्या कागदावर मांडता आल्या तरी खूप झालं. शंभर उतरवून काढण्याची गरज नाही. बीजगणित आणि भूमिती एकत्र गुंफलेले अभ्यासक्रम बीजगणित कच्चं असलेल्या मुलांना बरे पडतात, मात्र ते मधूनच सुरू करता येत नाहीत. मागच्या वर्षाच्या पुस्तकातली भूमिती त्यात धरलेली असते. तुमच्या वर्णनावरून मला योग्य वाटतो तो मार्ग: आधी कंपास-पट्टीच्या रचनांची छोटी कार्यपुस्तिका, आणि नंतर मध्यम सिद्धतांचं, पूर्ण उत्तरांसह असलेलं छापील पुस्तक. व्हिडिओ ठेवायचे तर पूरक म्हणून. आणि पुढे ज्या परीक्षेला बसायचं असेल तिचा अभ्यासक्रम निवडीआधी समोर ठेवा; कोणत्या रचना, कोणती प्रमेयं आणि त्रिकोणमिती कुठपर्यंत, हे त्यावरून ठरतं.

रचनांचे सहा आठवडे वाया जात नाहीत, उलट पुढचे तीन महिने वाचवतात. साहित्य अगदी थोडं: स्क्रू घट्ट बसणारा कंपास, ३० सेंमीची पारदर्शक पट्टी, दोन गुण्ये, कोनमापक, टोकदार पेन्सिल, कोरे कागद, ट्रेसिंग पेपर. कंपास ढिला असेल तर काहीही शिकवून उपयोग नाही. कंस काढता काढता तो २ मिमीने उघडतो, रेषा चुकतात, आणि मुलगी समजते की तिचंच चुकलं. तपासायला एक पूर्ण वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर कंपास बदला.

एक रचना जवळून पाहू. ८ सेंमीच्या रेषाखंडाचा लंबदुभाजक. पुस्तक म्हणतं, 'निम्म्याहून अधिक अंतर घ्या.' ते का, हे मुलीला स्वतः करून पाहू द्या. कंपास ३.५ सेंमी उघडला तर कंस एकमेकांना भेटत नाहीत. बरोबर ४ सेंमी उघडला तर ते मध्यबिंदूवर फक्त टेकतात. ४.२ सेंमी उघडला तर छेदतात, पण छेदनबिंदू एकमेकांपासून जेमतेम अडीच सेंमीवर पडतात, आणि इतक्या जवळच्या दोन बिंदूंतून लांब रेषा ओढली की थोडासा हात हलला तरी तिरकी जाते. ६ सेंमी घेतलं तर बिंदूंमधलं अंतर जवळपास ९ सेंमी होतं आणि रेषा नीट बसते. मग विचारा, रेषाखंडाची दोन टोकं आणि कंसांचे दोन छेदनबिंदू जोडले तर कोणता चौकोन मिळाला? समभुज चौकोन, कारण कंपासचं अंतर कुठेच बदललेलं नाही. त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून ही रचना बरोबर ठरते. इथे मुलीने नकळत पहिली सिद्धता केली, आणि तिला ती सिद्धता म्हणून भीती वाटली नाही.

याच क्रमाने ६० अंशांचा कोन, कोनदुभाजक, दिलेल्या कोनाएवढा कोन, रेषेला बाहेरच्या बिंदूतून लंब, समांतर रेषा, आणि त्रिकोणाचं परिवर्तुळ व अंतर्वर्तुळ असं जा. परिवर्तुळात तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक एका बिंदूत मिळायला हवेत. ते मिळाले नाहीत आणि मधे २-३ मिमीचा छोटा त्रिकोण उरला तर ती हाताची चूक, पुढे चला. तो त्रिकोण सेंटीमीटरभर मोठा असेल तर रचनेतच चूक आहे, परत पाहा. विशालकोन त्रिकोणात हा बिंदू बाहेर जातो. हे आधी सांगू नका, पण तिने 'चुकलं' म्हणून खोडण्याआधी थांबवा आणि त्या बिंदूपासून तिन्ही शिरोबिंदूंची अंतरं मोजायला लावा.

सहा आठवड्यांत प्रत्येक नव्या शब्दासाठी वहीचं एक पान: वर व्याख्या तिच्या शब्दांत, खाली तीन उदाहरणं वेगवेगळ्या दिशांना वळवलेली, आणि दोन 'हे नाही' अशी उदाहरणं. 'हे नाही' चा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. समांतर रेषांच्या पानावर, न भेटणारे पण समांतरही नसलेले दोन छोटे रेषाखंड हवेत. पुस्तकातल्या आकृत्या जवळजवळ नेहमी पायावर सरळ बसलेल्या असतात, म्हणून वहीतल्या मुद्दाम तिरक्या काढा.

आता सिद्धता. कोऱ्या कागदापासून सुरुवात कधीच नको. आधी पूर्ण लिहिलेली सिद्धता द्या आणि प्रत्येक विधान आकृतीवर रंगाने दाखवायला सांगा. मग विधानं दिलेली, कारणं रिकामी. मग सिद्धतेच्या ओळी पट्ट्यांसारख्या कापून विस्कटून द्या, तिने क्रम लावायचा. मग पहिली आणि शेवटची ओळ दिलेली, मधलं तिने भरायचं. त्यानंतर स्वतःची. प्रत्येक पायरीवर निदान पाच-सहा सिद्धता हव्यात, आणि पायरी अवघड वाटली तर एक मागे या. पक्ष आणि साध्य वेगळे लिहिणं मात्र पहिल्या दिवसापासून. 'काय दिलंय, काय हवंय, आणि ते आकृतीत कुठे दिसतंय' हे तीनच प्रश्न तुम्ही विचारायचे. चौथं वाक्य तुमच्या तोंडून आलं की बहुधा ते उत्तरच असतं.

मघाची आकृती इथे काढा. पक्ष: अब = अक, अड = अइ. साध्य: बइ = कड. मुलगी आधी मधल्या छोट्या त्रिकोणांकडे जाते आणि तिथे काहीच हाती लागत नाही. ट्रेसिंग पेपरवर त्रिकोण अबइ लाल, अकड निळा असे वेगळे काढायला सांगा, शेजारी शेजारी. आता दिसतं की अब = अक, अइ = अड, आणि कोन अ दोघांत सामाईक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून बइ = कड. इथे एक चूक हमखास होते आणि ती पकडायला अवघड आहे. मुलगी लिहिते, 'त्रिकोण अबइ आणि अडक एकरूप.' अक्षरांचा क्रम चुकला, पण त्या क्रमाने संगत बाजू काढल्या तरी बइ = डक येतंच, म्हणजे शेवटची ओळ योगायोगाने बरोबर ठरते. नुसतं उत्तर तपासलं तर चूक निसटते. म्हणून तिच्याच क्रमाने पहिली बाजू वाचायला लावा: अब = अड. ड तर अब च्या आतला बिंदू आहे, हे कसं शक्य? क्रम का महत्त्वाचा हे या एका प्रश्नाने जितकं पटतं तितकं दहा वेळा सांगून पटत नाही.

दुसरा सापळा 'बाबाको'चा. दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन, ही कसोटी का नाही, हे पुस्तक एका ओळीत सांगून पुढे जातं. तिला काढू द्या: अब = ७ सेंमी, कोन अ = ४० अंश, बक = ५ सेंमी. ब मधून ५ सेंमीचा कंस काढला की तो किरणाला दोन ठिकाणी छेदतो. एका त्रिकोणात अक सुमारे ३.२ सेंमी, दुसऱ्यात सुमारे ७.५ सेंमी. दिलेली माहिती तीच, त्रिकोण दोन. तेच बक ८ सेंमी घेऊन काढायला सांगितलं की एकच त्रिकोण मिळतो, आणि मग 'का' ची चर्चा रंगते.

सिद्धता लिहिण्याचा साचा दोन रकान्यांचा असलाच पाहिजे असं नाही. काही मुलांना बाणांनी जोडलेल्या चौकटी सोप्या जातात, काहींना परिच्छेद. परीक्षेत विशिष्ट साचा लागत असेल तर शेवटच्या दोन महिन्यांत त्यात बदला. तोंडी सांगता येतं पण लिहिता येत नाही अशी स्थिती असेल, तर काही दिवस ती सांगेल आणि तुम्ही लिहा, शब्द न बदलता. मग तिने ते वाचून दुरुस्त करायचं.

वेळेचं गणित साधारण असं ठेवा. वर्षाचे ३६ आठवडे, आठवड्याला चार दिवस, दिवसाला ४५ मिनिटं: पहिली १० मागच्या मिश्र उदाहरणांना, २० नव्या भागाला, १५ स्वतः काढायला आणि सोडवायला. लक्ष टिकत नसेल तर २०-२० मिनिटांच्या दोन बैठका. रचनांना ६ आठवडे, कोन आणि समांतर रेषांना ४, एकरूपतेला ७, चौकोनांना ४, समरूपतेला ५, पायथागोरस आणि त्रिकोणमितीच्या ओळखीला ४, वर्तुळाला ४, क्षेत्रफळ-घनफळाला उरलेले २. एकरूपतेला सात आठवडे जास्त वाटतील, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समरूपतेच्या आधीचा आठवडाभर रोजच्या दहा मिनिटांत गुणोत्तरं घ्या, पायथागोरसच्या आधी वर्गमूळं. पाचव्या दिवशी २० मिनिटं निव्वळ बीजगणित; भूमितीच्या वर्षात ते गंजतं आणि पुढच्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागते. सगळं ३६ आठवड्यांत बसलं नाही तर ४४ घ्या. घरी शिकण्याचा हाच तर मोठा फायदा आहे.

संगणकावर आकृत्या काढायचं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते जरूर वापरा, पण हाताने रचना केल्यानंतर. त्यात एक परीक्षा फार चांगली होते: तिला चौरस काढायला सांगा आणि मग एक कोपरा धरून ओढायला सांगा. अंदाजाने काढलेला चौरस ओढताच मोडतो. लंब रेषा आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस लहान-मोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. 'दिसतो चौरस' आणि 'आहे चौरस' यातला फरक इथे डोळ्यांसमोर येतो. धोका एवढाच की पडद्यावर तीन कोनांची बेरीज १८० दिसली की मुलांना ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. दशांश स्थळं वाढवून-कमी करून दाखवा. पूर्णांकन झालेल्या आकड्यांची बेरीज कधी कधी १७९.९९ किंवा १८०.०१ येते. मग नेमकं १८० च कशावरून, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आकडे उलटे वाचणं, ओळ सुटणं, पट्टी धरून रेघ न जमणं, किंवा वाचलेलं लगेच विसरणं हे इतर विषयांतही दिसत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यासाठी भूमितीचं पुस्तक बदलत राहू नका. तोवर मदत म्हणून आकृत्या मोठ्या छापून एका पानावर एकच ठेवा, सूत्रांचं कार्ड समोर असू द्या, आणि रचनांसाठी चौकटींचा कागद चालू द्या. यात सवलत दिल्यासारखं काही नाही. तपासायचं आहे ते तिचं तर्क करणं.

निवडलेलं पुस्तक चालतंय की नाही हे सहा आठवड्यांनी ठरवा, सहा दिवसांनी नाही. दर दोन आठवड्यांनी दहा मिश्र उदाहरणं द्या, पुस्तक बंद ठेवून. सात-आठ बरोबर येत असतील तर वेग ठीक आहे. धड्यापुरती येतात आणि मिश्रणात कोसळतात, तर पुस्तक तेच ठेवून मिश्र सराव वाढवा. धडा वाचून पहिलंच उदाहरण सुरू करता येत नाही, असं सलग तीन धड्यांत झालं, तर पुस्तकाची पातळी वर आहे, खालचं घ्या. एकरूपतेत मात्र जवळपास प्रत्येकजण रेंगाळतो. तिथे पुस्तक बदलायचा मोह होतो, आणि तोच नेमका न बदलण्याचा काळ असतो. वेग निम्मा करा.

दोन पुस्तकं शेजारी ठेवून शिकवणार असाल तर व्याख्या आधी जुळवून घ्या. समलंब चौकोनाची व्याख्या काही पुस्तकांत 'समांतर बाजूंची एकच जोडी' अशी असते, काहींत 'निदान एक जोडी'. पहिलीप्रमाणे समांतरभुज चौकोन समलंब नाही, दुसरीप्रमाणे आहे. इंग्रजी पुस्तक असेल तर आणखी घोळ: ब्रिटिश 'ट्रॅपेझियम' म्हणजे आपला समलंब चौकोन, पण अमेरिकन पुस्तकांत त्यालाच 'ट्रॅपेझॉइड' म्हणतात आणि 'ट्रॅपेझियम' म्हणजे एकही बाजू समांतर नसलेला चौकोन. मुलीचं उत्तर उत्तरपुस्तिकेशी जुळलं नाही, तर तिला चूक म्हणण्याआधी व्याख्येचं पान उघडून दोघींनी मिळून बघा.